नदीपलीकडचे त्रेसष्ट दिवस

नणंदेचा फोन आला तेव्हा आयरीन तोमोदा ओट्याशी उभ्या उभ्याच पाव खात होती. एप्रिलमध्ये तिचा नवरा टॅक गेला, तेव्हापासून टेबलाशी बसून जेवायची तिची सवयच सुटली होती. समोर रिकामी खुर्ची असली की घास उतरत नाही, असं ती कुणाला सांगायची नाही. पाठ आखडते म्हणून उभी राहते, असं सांगायची.

बेट्टी ही टॅकची धाकटी बहीण, नदीपलीकडे फ्रूटलंडला राहणारी. पूल ओलांडला की दहा मिनिटांत तिचं घर येतं, पण तेवढ्यात राज्य बदलतं. अलीकडे ओरेगन, पलीकडे आयडाहो. लग्नं, देऊळ, दात काढणं, सगळं दोन्हीकडे चालतं. कायदे मात्र आपापल्या काठावर बसून असतात.

"अगं आयरीन, पुढच्या आठवड्यात माझा वाढदिवस," बेट्टी म्हणाली. "यंदा मी ती विमा कंपनी सोडणार म्हणजे सोडणार. आमच्याकडे त्रेसष्ट दिवस मिळतात आणि तुमच्याकडे तीस, बरोबर ना? का उलटं? माझं डोकं म्हणजे नुसतं भुस्कट झालंय."

"बरोबर आहे. तुमचे त्रेसष्ट, आमचे तीस," आयरीन सवयीने बोलून गेली आणि पावाचा तुकडा तिच्या हातातच राहिला.

कारण ऑगस्टमध्ये ज्येष्ठांच्या केंद्रात, दुपारच्या जेवणाला, सगळ्यांच्या देखत तिने ग्लेन ओकिताला काय सांगितलं होतं ते तिला लख्ख आठवलं. "आधी शेतातला कांदा काढून घे," ती म्हणाली होती. "घाई कशाला करतोस? वाढदिवसापासून त्रेसष्ट दिवस आहेत तुझ्या हातात."

हे प्रकरण साधंच आहे, पण माणसाला रडवणारं आहे. पासष्टी उलटली की दवाखान्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार भरतं. उरलेल्या वाट्यासाठी लोक पूरक विमा घेतात. तो विमा दरवर्षी महाग होत जातो. दुसऱ्या कंपनीत जावं म्हटलं तर ती आधी विचारते की तुमचं हृदय कसं आहे, मूत्रपिंडं कशी आहेत, हात थरथरतात का. आणि मग गोड आवाजात नाही म्हणते. फक्त वाढदिवसानंतरचे काही दिवस असे असतात की कंपनीला तोंड मिटून घ्यावं लागतं. तेवढ्याच किंवा त्याहून कमी लाभाचा विमा मागितला, तर काही न विचारता द्यावा लागतो. ते दिवस किती, हे प्रत्येक राज्य आपल्या मर्जीने ठरवतं. ते हुकले की वर्षभर हात चोळत बसायचं.

ग्लेनचे हात तर आपोआपच थरथरायचे. कंपवाताचं तिसरं वर्ष, वर छातीत पेसमेकर. या दिवसांबाहेर त्याला कुठलीही कंपनी दारात उभी करणार नव्हती. आणि त्याचा सध्याचा हप्ता एवढा वाढला होता की जानेवारीपासून विमाच सोडून देईन म्हणत होता. सोडला असता तर पुढच्या एका मोठ्या आजारपणात त्याच्या मुलाची जमीन गेली असती.

आयरीनने भिंतीवरचं कॅलेंडर काढून ओट्यावर ठेवलं. ग्लेनचा वाढदिवस चोवीस ऑगस्ट. तिने बोट ठेवून मोजलं, मग पेन्सिलीने मोजलं, मग शेवटाकडून उलट मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं. तिसावा दिवस आजचा होता, सोमवार, बावीस सप्टेंबर.

"आयरीन? आहेस का?" फोनमधून बेट्टी विचारत होती.

"नाही," आयरीन म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तीस वर्षं ती शाळेच्या कचेरीत होती. साडेचारशे मुलांच्या जन्मतारखा, लसींच्या तारखा, दाखले. एक आकडा कधी चुकला नव्हता, आणि चुकला असं म्हणायची कुणाची छातीही नव्हती. निवृत्त झाल्यावर राज्याचं प्रशिक्षण घेऊन ती केंद्रात विम्याची स्वयंसेवक झाली. दर मंगळवारी निळी फाइल घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायची. याला अकरा वर्षं झाली. यंदा जुलैभर मात्र ती बेट्टीकडे जाऊन राहिली होती. घरात करमेना म्हणून तिथल्या केंद्रातही टेबल मांडून बसली होती. महिनाभर त्रेसष्ट, त्रेसष्ट. तो आकडा तिच्या जिभेवर बसला आणि पूल ओलांडून तिच्याबरोबर घरी आला.

ग्लेनचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. तिने फाइल उचलली, कोरा अर्ज आत आहे ना ते पाहिलं, आणि स्वेटर उलटा घालून गाडीत बसली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

एक गोष्ट तिच्या बाजूची होती. कंपनीची कचेरी पोर्टलंडला. सगळं राज्य एका वेळेवर चालतं आणि फक्त आपला हा पूर्वेचा कोपरा आयडाहोच्या घड्याळावर, तासभर पुढे. तिथे पाच वाजतील तेव्हा इथे सहा. जन्मभर या तासाने वैतागच दिला होता, बँक कधी उघडते इथपासून टीव्हीवरच्या बातम्यांपर्यंत. आज मात्र ती त्या तासाला धरून बसली होती. सहाच्या आत ग्लेनला फोनपाशी बसवायचं, अर्ज तोंडी द्यायचा, की काम झालं.

ग्लेनच्या घराला कुलूप होतं. कुत्रं तेवढं भुंकलं. तिथून ती त्याच्या मुलाच्या कांद्याच्या गोदामात गेली. कांदे वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांचा एवढा खडखडाट की कचेरीतल्या बाईने कानावर हात ठेवून विचारलं, "कोण? म्हातारेबुवा? ते खालच्या शेतावर. काही कामाचे नाहीत, पण गाडीत बसून सगळ्यांना शिकवत असतात. निरोप ठेवू का?"

"निरोपाचं काम नाही," आयरीन म्हणाली.

खालच्या शेताचा रस्ता एकेरी आणि काढणीचे दिवस. तिच्या पुढे कांद्याने भरलेला ट्रक, त्याच्या पुढे दुसरा, आणि दोघेही लग्नाच्या वरातीसारखे चाललेले. वाळलेली सालं उडून तिच्या काचेवर येत होती. तिने हॉर्न वाजवला. या खोऱ्यात हॉर्न कुणी वाजवत नाही. लोक हात हलवतात आणि वाट बघतात. पुढच्या ट्रकवाल्याने तिला ओळखून हात हलवला. ती गाडीत एकटीच मोठ्याने बोलली, शाळेत कधी कुठल्या मुलाला बोलू दिलं नसतं असलं काहीतरी.

पुढे पाटाजवळ पाण्याचा पंप बदलत होते आणि रस्ता अडला होता. तिथे पाऊण तास गेला. ती गाडीतून उतरली, चढली, पुन्हा उतरली. फोन लावला. घड्याळ पाहिलं. मनात एकच गोष्ट घोळत होती: माझ्या शब्दावर एक माणूस बुडणार. टॅक असता तर म्हणाला असता, 'जरा खाली बस, आयरीन.' टॅक नव्हता, म्हणूनच तर हे झालं, असंही एकदा तिच्या मनात आलं. मग तिला स्वतःचाच राग आला. मेलेल्या माणसावर काय ढकलायचं?

साडेचारला तिला ग्लेनची पिकअप दिसली. शेताच्या बांधाला उभी होती आणि आत ग्लेन, डोक्यावर टोपी, मांडीवर थर्मास. ढेकळांतून पळत जायचं तिचं वय नव्हतं, तरी ती पळाली.

"अगं अगं, पडशील," ग्लेन दार उघडून म्हणाला. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. ग्लेन, ऐक. मी चुकले. त्रेसष्ट नाहीत, तीस आहेत. त्रेसष्ट पलीकडचे. आज तिसावा आहे. आपल्याकडे दीड तास आहे. फोन कुठाय तुझा? उचलत का नाहीस? हा अर्ज घे. मी नंबर लावते, तू फक्त नाव आणि जन्मतारीख सांग, बाकी मी—"

ग्लेनने टोपी काढली. पुन्हा घातली. थर्मासचं झाकण फिरवत बसला. ते त्याच्या हातात टकटक वाजत होतं.

"चहा घेतेस?" तो म्हणाला.

"ग्लेन!"

"झालंय ते," तो समोरच्या कांद्याकडे बघत म्हणाला. "अठ्ठावीस ऑगस्टलाच केलं. मुलाने संगणकावर भरून दिलं. नवीन कार्डही आलं."

आयरीन दाराला धरून उभी राहिली. आधी तिला एवढं हलकं वाटलं की रडूच येईल की काय अशी भीती वाटली. मग ते हलकेपण ओसरलं आणि त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं. तीस दिवस म्हणून. ठळक अक्षरात."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तुला वाईट वाटलं असतं."

"मला वाईट वाटलं असतं! अरे बैला, मी तिथे बसून लोकांना खोटे आकडे वाटतेय आणि तुला माझ्या वाईट वाटण्याची पडलीय?"

"ओरडू नकोस. पोरं बघतायत," ग्लेन म्हणाला. ट्रकवरची दोघं-तिघं खरंच थांबून बघत होती. "टॅक जाऊन चारच महिने झाले होते, आयरीन. सगळ्यांसमोर तुला कसं तोंडावर पाडायचं? त्या दिवशी घरी जाताना आम्ही गाडीपाशी बोललो होतो. म्हटलं, राहू दे. आपलं आपण वाचून घेऊ."

"आम्ही म्हणजे कोण?"

ग्लेनने थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"आम्ही म्हणजे कोण, ग्लेन?"

"टेबलावर होते ते. म्हणजे, सगळे असं नाही. पण बरेचसे."

दारात टोमॅटो ठेवून गेलेले, भोपळे ठेवून गेलेले, लोणच्याची बरणी ठेवून गेलेले लोक आता तिच्या डोळ्यांपुढे आले. ती समजत होती टॅकसाठी. मंगळवारी तिच्या टेबलाशी येऊन "हो का? बरं बरं, छान सांगितलंस" म्हणणारे, मान डोलावून घरी जाणारे आणि घरी जाऊन पत्र वाचणारे. तिला कुणीतरी थोबाडीत मारली असती तर ते सोसलं असतं. हे तर सगळ्या गावाने मिळून तिचं लहान मूल केलं होतं.

"चहा तूच पी," ती म्हणाली आणि ढेकळांतून परत गेली. या वेळी सावकाश.

घरी आल्यावर तिने आधी ठरवलं की निळी फाइल राज्याच्या कचेरीला परत पाठवायची. पाकीट काढलं, पत्ता लिहिला. मग पाकीट बाजूला सारून ओटा पुसला. पुसलेला ओटा परत पुसला. जायचंच नाही, असं एकदा ठरलं. जाऊन एकेकाला ऐकवायचं, असं दुसऱ्यांदा ठरलं. पण ऐकवायचं काय? आकडा तर तिचाच चुकला होता. लोकांनी फक्त तो झाकून ठेवला होता. आणि झाकलेली चूक अजून तिथेच पडली होती, त्या टेबलावर, तिच्या नावाने. कुणी ती सुधारली नव्हती. तिनेही नाही. रात्री झोप कसली, नुसती कूस बदलणं.

मंगळवारी बारा वाजता केंद्रात मांसाचे गोळे आणि कुस्करलेले बटाटे होते. तीसेक माणसं बसली होती. आयरीनने ताट घेतलं नाही. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली नाही, मधोमध उभी राहिली आणि चमच्याने पेल्यावर वाजवलं.

"दोन मिनिटं ऐका," ती म्हणाली. शाळेतला आवाज होता तो, पण काठाला फाटलेला. "ऑगस्टमध्ये मी इथे सांगितलं की पूरक विमा बदलायला वाढदिवसापासून त्रेसष्ट दिवस मिळतात. ते चूक आहे. त्रेसष्ट आयडाहोचे. आपल्याकडे तीस. तीसच. चूक माझी आहे."

कुणी वर पाहिलं नाही. तीस माणसं आपापल्या बटाट्यांत डोकं घालून बसली. कुणीतरी मीठ मागितलं. ग्लेन पेपरनॅपकिनची घडी घालत होता. शेवटी पुढच्या टेबलावरची मेव्हिस, जिच्या तिन्ही मुलींचे दाखले आयरीनने लिहिले होते, तिने हात पुढे करून आयरीनची बाही हळूच ओढली.

"आम्हाला माहितीये गं," ती म्हणाली. "बस. जेव. गार होतंय."

आयरीनचे कान तापले. एवढं बोलायला तिला सबंध रात्र लागली होती आणि लोकांना ती जेवणात आलेली अडचण वाटत होती. आता वळावं, दार उघडावं, आणि पुन्हा म्हणून इथे पाऊल टाकू नये.

"तीस?" मागच्या भिंतीकडून कुणीतरी म्हटलं.

अन्सेल्मो बिकान्दी उठून उभा राहत होता. स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगरांतला बास्क माणूस, एकोणिसाव्या वर्षी मेंढ्यांमागे या देशात आला आणि चाळीस वर्षं डोंगरातच राहिला. इंग्रजी बोलायचा, पण वाचायचं म्हटलं की चष्मा सापडत नाही म्हणायचा. त्याचा चष्मा गेली वीस वर्षं सापडत नव्हता. त्याच्या मूत्रपिंडांचं काही खरं नव्हतं, हे त्याच्या सुजलेल्या पायांवरून कुणीही सांगितलं असतं.

"मिसेस तोमोदा, तुम्ही म्हणालात दोन महिने आहेत," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, नुसता गोंधळ होता. "तुम्ही म्हणालात घाई नाही. म्हणून मी कंपनीचं पत्र कपाटात ठेवलं. तुम्ही म्हणालात म्हणून."

आता सगळ्यांनी वर पाहिलं. पण आयरीनकडे नाही आणि अन्सेल्मोकडेही नाही. एकमेकांकडे.

"आम्हाला वाटलं, यानेही वाचलं असेल," मेव्हिस पुटपुटली.

"वाटलं!" आयरीन म्हणाली. "सगळ्यांना वाटलं. आणि विचारलं कुणी? मला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस बुडाला असता तर चाललं असतं तुम्हाला?" मग तिचा आवाज खाली आला. "वाढदिवस कधी तुमचा, अन्सेल्मो?"

"अठ्ठावीस. ऑगस्टची."

तिने मनात मोजायला घेतलं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. एकतीस. ऑगस्टला एकतीस असतात ना? असतात. असतातच. तरी तिचा स्वतःवर विश्वास बसेना, आणि ते कळताच तिला फार भीती वाटली, काल शेतात वाटली होती त्याहून जास्त. शाळेतल्या साडेचारशे तारखा जिने सांभाळल्या तिला ऑगस्टचे दिवस विचारावे लागत होते.

"ग्लेन," ती म्हणाली. "इकडे ये. मोज."

ग्लेन आला. थरथरत्या बोटांनी त्याने टेबलाच्या कडेवर मोजलं, ओठ हलवत. सगळे बघत होते.

"शुक्रवार," तो म्हणाला. "शुक्रवार धरून. आज मंगळवार."

"पुन्हा मोज."

त्याने पुन्हा मोजलं. "शुक्रवारच."

कुणीतरी श्वास सोडला. अन्सेल्मो अजून उभाच होता, हातात काटा तसाच. आयरीनने त्याच्या खांद्याला धरून त्याला खाली बसवलं, त्याचं ताट बाजूला सारलं, तिथे सांडलेलं पाणी आपल्या बाहीने पुसलं आणि निळी फाइल उघडली. सध्या कुठला विमा आहे ते त्याच्या पाकिटातल्या कार्डावरून पाहिलं. दुपारी पत्र आणायला त्याच्या घरी जायचं ठरलं. मेव्हिस म्हणाली, माझी गाडी घेऊ, आणि आयरीनने तिला नाही म्हटलं नाही.

मग तिने ग्लेनसाठी शेजारची खुर्ची ओढली.

"मी लिहिते," ती म्हणाली. "तू प्रत्येक ओळ वाच. चुकलं तर सांग."

"सांगेन नंतर—"

"नंतर नाही. इथेच, मोठ्याने. सगळ्यांसमोर."

ग्लेनने एकदा मेव्हिसकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग बसला. आयरीनने नाव लिहिलं, तिच्या त्या कचेरीच्या सरळ अक्षरात. पत्ता लिहिला. अन्सेल्मोला विचारून जन्मतारीख लिहिली आणि पेन पुढच्या चौकटीकडे नेलं.

ग्लेन खाकरला. पुन्हा खाकरला. त्याची मान लाल झाली होती.

"आयरीन," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "त्याचं साल त्रेचाळीस आहे. तू चौतीस लिहिलंस."

आयरीनने लिहिलेलं नीट पाहिलं. चौतीसच होतं. तिचे डोळे भरून आले, ते तिने लपवले नाहीत. तिने त्या आकड्यांवर एक सरळ रेघ मारली, वर बरोबर साल लिहिलं, शेजारी आपली सही केली, आणि कागद थोडा ग्लेनच्या बाजूला सरकवला.

"पुढचं वाच," ती म्हणाली.